दिल्लीची वारी, पंढरीची वारी

आज सकाळी आत्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत असताना ‘मंत्रिपदासाठी इच्छुकांची दिल्लीवारी’ हा मथळा आला आणि गळ्यात तुळशीची माळ असलेल्या आत्याने चष्मा वर सारून गंभीरपणे विचारले, ‘‘मागायला गेले ना रे? मग ती वारी कशी?’’

मी हसलो, पण प्रश्न दिवसभर डोक्यातून गेला नाही. आषाढी एकादशीसाठी देहू-आळंदीहून निघून सुमारे 250 किलोमीटर ऊनपावसात चालणारा, चंद्रभागेत स्नान करून गर्दीमुळे कित्येकदा नुसते कळसाचे दर्शन घेऊन माघारी फिरणारा वारकरी विठ्ठलाकडे पद मागत नाही. पुढच्या वर्षीही वारी घडावी, एवढेच त्याचे मागणे असते.

वर्तमानपत्रांत मात्र वारी कुणाचीही होते. पुढाऱ्यांची परदेशवारी असते, आरोपींची तुरुंगवारी असते (ही बहुधा कुणी हौसेने करत नाही). मथळ्याच्या अपुऱ्या जागेत प्रवास आणि टोमणा दोन्ही बसवायचे असतात, हे मला समजते; पक्षश्रेष्ठींना विठ्ठलाच्या जागी उभे करणारी ही खोच मला आवडतेही.

तरी मला मूळ वारीच्या अधिक जवळची वाटते ती सातबाऱ्यावरची नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी तालुक्याच्या कचेरीत वाऱ्या करणाऱ्या शेतकऱ्याची. तिथे पायपीट आहे, नेम आहे आणि दर्शनाची खात्री नाही, कारण साहेब बहुतेक वेळा मीटिंगला गेलेले असतात.