स्ट्रोकची रंगीत तालीम: कॅज्युअल्टीच्या दारापासून वॉर्डातल्या पाण्याच्या ग्लासापर्यंत

कॅज्युअल्टीत पक्षाघाताचा पेशंट आला की पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो, "कधी झालं?" नातेवाईक सांगतात, "सकाळी सहाला. उठवायला गेलो तर हात लुळा." केसपेपरवर 'सकाळी 6' असं लिहिलं जातं आणि पुढचा सगळा हिशोब त्या सहापासून सुरू होतो. पेशंट झोपला होता रात्री दहाला. रक्तवाहिनी अकराला बंद झाली की पाचला, हे कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे वेळ दहापासूनच मोजायला हवी. प्रश्न असा विचारायचा: "अगदी नेहमीसारखे, धडधाकट असे शेवटचे कधी पाहिले, आणि कोणी?" लगेच दुसरा: "रात्री लघवीला उठले होते का? आपले आपण चालत गेले का, काही बोलले का?" पहाटे चारला ते नीट जाऊन आले असतील तर हिशोब चारपासून लागतो, आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत अजून हातात असते.

हा प्रश्न विचारतं कोण? नुकताच ड्युटीवर आलेला इंटर्न, नाहीतर सिस्टर. स्ट्रोकवरच्या सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमाला, मात्र येतात फिजिशियन. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट लागतात, ते व्याख्यानं ऐकून मिळतात, आणि व्याख्यानांतून नव्या संशोधनाची माहितीही मिळते. पण पेशंटचा वेळ जातो तो दार, लिफ्ट, सीटीची खोली आणि औषधाची ट्रॉली यांच्यामध्ये. तिथे सिस्टर, स्ट्रेचर ढकलणारे मामा, सीटी टेक्निशियन आणि पावती फाडणारा क्लार्क असतात. या सगळ्यांना एकत्र घेऊन, आपल्याच इमारतीत, घड्याळ लावून केलेली रंगीत तालीम हेच स्ट्रोकचं खरं प्रशिक्षण, असं माझं ठाम मत आहे.

याला हेलसिंकीच्या विद्यापीठ रुग्णालयाचा भक्कम आधार आहे. पेशंट दारात आल्यापासून सुई टोचेपर्यंत तिथे 1998 मध्ये मध्यक वेळ (मधल्या पेशंटची) 105 मिनिटं होती, 2011 मध्ये ती 20 मिनिटांवर आली. अँब्युलन्समधून आधी फोन, पेशंट येण्याआधीच त्याची माहिती काढून ठेवणं, अँब्युलन्सच्याच स्ट्रेचरवरून थेट सीटीच्या टेबलावर, आणि औषध सीटीच्या खोलीतच सुरू करणं, अशा बारा बदलांनी हे साधलं.

तालमीसाठी एका कर्मचाऱ्याला पेशंट करा, दुसऱ्याला घाबरलेला मुलगा. एका जणाने फक्त वेळा लिहायच्या: दारात आला, डॉक्टरांनी पाहिला, सीटी सुरू झाला, सीटी वाचला, सुई टोचली. पहिल्याच तालमीत ज्या गोष्टी उघड्या पडतात त्या व्याख्यानात कधी दिसत नाहीत. ग्लुकोमीटर आहे पण पट्ट्यांची मुदत संपलेली. रक्तदाब उतरवणारं लॅबेटॅलॉल कपाटात, किल्ली इन्चार्ज सिस्टरकडे. लिफ्ट वरच्या मजल्यावर जेवणाच्या गाडीसाठी अडवलेली. पावती होईपर्यंत सीटीच्या दारात थांबलेला पेशंट. आणि सगळ्यात नेहमीचं म्हणजे रक्ताचे सगळे रिपोर्ट येईपर्यंत थांबणं. इंजेक्शनआधी सक्तीने हवी असते ती रक्ताची एकच तपासणी, बोटातून घेतलेली साखर. साखर 50-60 च्या खाली गेली असेल तर तीच हुबेहूब पक्षाघातासारखी दिसू शकते, म्हणून ती आधी. पेशंट वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध घेत नसेल आणि रक्तस्रावाच्या आजाराचा संशय नसेल, तर आयएनआर (रक्त किती वेळात गोठतं याची तपासणी) आणि प्लेटलेटच्या रिपोर्टसाठी सुई अडवून ठेवायची नाही.

आता औषध. इथे चूक झाली तर ती थेट जिवावर बेतते, म्हणून तालमीचा अर्धा वेळ इथेच द्यावा. गुठळी विरघळवणाऱ्या अल्टेप्लेजचा डोस किलोला 0.9 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 90. त्यातला दहा टक्के भाग एका मिनिटात शिरेतून, उरलेला नव्वद टक्के साठ मिनिटांत पंपाने. 60 किलोच्या पेशंटला एकूण 54 मिलिग्रॅम, म्हणजे 5.4 आधी आणि 48.6 पंपावर. तयार झालेलं द्रावण एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम असलं की पंपाचा वेग ताशी 48.6 मिलिलिटर. 50 ची एक आणि 20 ची एक बाटली फोडली तर हातात येतात 70. जादा 16 मिलिलिटर आधीच काढून टाकून द्यायचे आणि मग पंप जोडायचा. तसं न केल्यास घाईत बाटलीतलं सगळंच औषध आत जातं. बाटली हलवून फेस आणायचा नाही, हळूच गोल फिरवायची. पंप संपल्याचा आवाज झाला तरी नळीत औषधाचे काही मिलिलिटर शिल्लक असतात. नळी काढून फेकली तर तेवढा डोस कचऱ्यात जातो. त्याच वेगाने मागून सलाईन सोडा.

गुठळी विरघळवणारं दुसरं औषध, टेनेक्टेप्लेज, सोपं वाटतं, एकदाच टोचायचं. म्हणूनच त्यात घोटाळा होतो. हेच औषध हार्ट अटॅकलाही देतात आणि कॅज्युअल्टीतल्या सिस्टरला हृदयाचा डोस तोंडपाठ असतो. स्ट्रोकसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात किलोला 0.25 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 25, म्हणजे 60 किलोला 15. त्याच माणसाला हार्ट अटॅक आला असता तर 35 दिले असते. दुपटीहून जास्त! भारतात काही उत्पादनांवर स्ट्रोकचा डोस 0.2 दिलेला असतो, त्यामुळे आपल्या रुग्णालयात कोणतं औषध आणि कोणता डोस हे आधीच लेखी ठरवून ट्रॉलीवर चिकटवा. स्ट्रोकच्या खोक्याला वेगळ्या रंगाची पट्टी लावा. डोस दोघांनी वेगवेगळा काढायचा, मोठ्याने वाचायचा आणि जुळला तरच टोचायचा. टेनेक्टेप्लेज डेक्स्ट्रोजच्या नळीतून दिलं तर साका बसतो, म्हणून नळी आधी सलाईनने धुवायची. वजन नातेवाइकांना विचारून अंदाजाने लिहू नका. शक्य असेल तिथे स्ट्रेचरसकट वजन करा आणि स्ट्रेचरचं वजन त्याच्यावर रंगाने लिहून ठेवा.

रक्तदाबाबद्दल एक जुनी सवय मोडायला हवी. दाब 200 दिसला की निफेडिपिनची कॅप्सूल टोचून जिभेखाली पिळणं. दाब धाडकन खाली येतो आणि गुठळीपलीकडचा जो मेंदू त्या वाढलेल्या दाबावरच तग धरून होता, तो मरतो. गुठळीच्या स्ट्रोकमध्ये इंजेक्शन द्यायचं नसेल तर 220/120 पर्यंत सहसा हात लावायचा नाही. द्यायचं असेल तर आधी 185/110 च्या खाली आणायचा, लॅबेटॅलॉल 10 मिलिग्रॅम एक-दोन मिनिटांत हळू देऊन, आणि दिल्यानंतर चोवीस तास 180/105 च्या खाली ठेवायचा. सीटीत रक्तस्राव दिसला तर गणित उलटतं, वरचा दाब लवकरात लवकर 140 च्या आसपास आणायचा असतो. म्हणून सीटीआधी दाबाला हात घालताना दहादा विचार करा.

इंजेक्शननंतरच्या चोवीस तासांत दाब आणि मेंदूची तपासणी पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने, मग दर तासाला. म्हणजे 8, 12 आणि 16, एकूण 36 नोंदी. साखळी तुटते ती ड्युटी बदलताना, ओव्हर देता-घेताना. दोन्ही सिस्टरनी पेशंटच्या खाटेजवळ उभं राहून एकत्र हात उचलायला लावला, एकत्र बोलतं केलं, तर "मगाशी हात एवढा पडत नव्हता" हे लगेच कळतं. नवी डोकेदुखी, उलटी, अचानक चढलेला दाब, वाढलेली गुंगी, यातलं काहीही दिसलं तर पंप आधी बंद, डॉक्टरांना फोन नंतर. ओठ आणि जीभही पाहायची. रामिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांची जीभ सुजू शकते आणि श्वास अडू शकतो. चोवीस तासांनी पुन्हा सीटी होईपर्यंत ॲस्पिरिन नाही.

स्ट्रोकची तीव्रता गुणांत मोजणाऱ्या (शून्य म्हणजे दोष दिसला नाही) एनआयएचएसएस या मोजपट्टीचं शिक्षण ऑनलाइन मिळतं आणि प्रमाणपत्रही. पण ती आपल्या पेशंटवर वापरताना अडचणी येतात त्या इथल्याच आहेत. "महिना कोणता?" असं विचारल्यावर आजी "श्रावण" म्हणाल्या तर ते उत्तर बरोबर की चूक, हे सांगायला कॅज्युअल्टीच्या भिंतीवर कालनिर्णय लागतं. वय विचारलं तर अनेक वृद्धांना ते आजारी नसतानाही नेमकं सांगता येत नाही, हे गुणांशेजारी लिहून ठेवा. ओळखायच्या चित्रांत हातमोजा आहे, तो न घातलेल्या माणसाला नाव सुचलं नाही तर तो वाचादोष ठरत नाही. उच्चारासाठी ओठांचे, जिभेच्या टोकाचे आणि घशाचे आवाज येतील असे मराठी शब्द ठरवून छापून घ्या, म्हणजे प्रत्येक जण तेच वापरेल. हात दहा सेकंद, पाय पाच सेकंद, मोठ्याने मोजून. मनात मोजलं की सहा सेकंदांत दहा होतात.

आणि या मोजपट्टीचा मोठा दोष शिकवायलाच हवा. मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक तिला नीट दिसत नाही. माणूस गरगरतंय म्हणतो, उलट्या करतो, हात-पाय खाटेवर छान हलवतो, गुण शून्य येतात, आणि चक्करच्या गोळ्या देऊन त्याला घरी पाठवलं जातं. त्याला उठून बसायला सांगा, मग चालायला. आधाराशिवाय बसताच येत नसेल तर तो कानाचा आजार समजून सोडून द्यायचा नाही.

इथवर कॅज्युअल्टी झाली. पण इंजेक्शन मिळतं थोड्यांनाच, वॉर्डात सगळेच येतात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या 19 स्ट्रोक युनिटांत परिचर्येच्या प्राध्यापक सँडी मिडलटन यांच्या नेतृत्वाखाली एक चाचणी झाली, ती 2011 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. निम्म्या युनिटांत नर्सेसना तीनच गोष्टी पक्क्या शिकवल्या: ताप, साखर आणि गिळणं. 90 दिवसांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण प्रशिक्षित युनिटांत 42 टक्के होतं, बाकीच्यांत 58 टक्के. महागडं काहीच नव्हतं. थर्मामीटर, ग्लुकोमीटर, पाणी आणि ते नियमाने वापरणाऱ्या नर्सेस. पहिले 72 तास दर चार तासांनी ताप, 37.5 अंश सेल्सिअस झाला की पॅरासिटामॉल. साखर ठरल्या वेळी. आणि गिळण्याची चाचणी झाल्याशिवाय तोंडाने काही नाही.

आपल्याकडे शेवटचा नियम सगळ्यात आधी मोडतो. पेशंट पडला की घरचे आधी पाणी पाजतात, कोणी तोंडात साखर घालतं. वॉर्डात "रात्रीपासून उपाशी आहेत हो" म्हणून चहा-बिस्किट येतं. आणि कधीकधी ॲस्पिरिनची गोळी चाचणीआधी स्टाफच देतो. घशाची संवेदना गेलेली असेल तर पाणी फुप्फुसात जातं आणि ठसकाही लागत नाही. तिसऱ्या दिवशी ताप, मग न्यूमोनिया. खाटेवर पाटी लावा, नातेवाइकांना कारणासकट सांगा. चाचणी अशी: पेशंट पूर्ण जागा, सरळ बसलेला. आधी चमच्याने तीनदा पाणी, प्रत्येक वेळी गळ्यावर बोट ठेवून कंठमणी वर गेला का पाहायचं. नीट गिळलं तर 90 मिलिलिटर न थांबता प्यायला द्या. ठसका, धाप, मध्येच थांबणं, ओठाच्या कडेने ओघळणं, किंवा नंतर "आ" म्हणताना घोगरा, पाणी भरल्यासारखा आवाज आला तर चाचणी नापास. घशाला चमचा लावून उमाळा येतो का पाहणं म्हणजे गिळण्याची चाचणी नव्हे, ही चूक अजून अनेक ठिकाणी होते. नापास झाला तर राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी), आणि चोवीस तासांनी पुन्हा चाचणी. इंजेक्शन दिलेल्या पेशंटला मात्र पहिले चोवीस तास शक्यतो ट्यूब किंवा कॅथेटर घालायचं नाही, रक्तस्राव होतो.

मावशी आणि मामांना या प्रशिक्षणातून वगळू नका. लुळ्या हाताला धरून ओढत वर सरकवलं की खांदा निखळतो आणि महिनोन्महिने दुखत राहतो. दोघांनी चादरीवरून सरकवायचं, हाताखाली उशी ठेवायची. एवढं दहा मिनिटांत करून दाखवता येतं.

शिकवणं नेहमीच पुरतं असंही नाही. भारतातल्या 14 रुग्णालयांत 1250 पेशंटांवर झालेल्या अटेंड चाचणीत घरच्यांना पुनर्वसन शिकवून पाहिलं. 2017 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा सहा महिन्यांनंतर मृत्यू आणि परावलंबनात फरक दिसला नाही. म्हणून प्रशिक्षणानंतर मोजायला हवं, आणि मोजायचं ते हजेरीपत्रक नव्हे: दारापासून सुईपर्यंतची मिनिटं, 36 पैकी किती नोंदी भरल्या, पहिल्या घोटाआधी किती जणांची गिळण्याची चाचणी झाली. महिन्याच्या शेवटी हे तीन आकडे सिस्टरांच्या खोलीतल्या फळ्यावर लिहायचे. इंटर्न सतत बदलतात, सिस्टरांच्या बदल्या होतात, त्यामुळे तालीम दर तीन महिन्यांनी घ्यावी, आणि त्यातली एक रात्री दोननंतर. रात्री लिफ्टचा माणूस नसतो, सीटी टेक्निशियन कधीकधी घरून यायचा असतो. रिकाम्या झालेल्या बाटल्या सराव करण्यासाठी जपून ठेवा, त्यांवर लाल अक्षरांत 'सरावासाठी' लिहा आणि ट्रॉलीपासून वेगळ्या कपाटात कुलपात ठेवा.