तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीच्या चेहऱ्याचं ऑपरेशन अजून का केलं नाही?

"आजकाल सगळं होतं म्हणे. मग एकदाचं ऑपरेशन करून हिचा चेहरा सरळ का नाही करून घेत?" ओळखीचे विचारतात, कधी अगदी अनोळखी माणसंही विचारतात. बहुतेकांच्या मनात माया असते, हे मला कळतं. पण याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

माझ्या लेकीला हेमिफेशियल मायक्रोसोमिया आहे. तिच्या चेहऱ्याची उजवी बाजू जन्मतःच कमी वाढलेली आहे. खालच्या जबड्याचं हाड त्या बाजूला आखूड, म्हणून हनुवटी उजवीकडे सरकलेली आणि गाल बसका. उजव्या कानाच्या जागी पाळीचा एक लहानसा गोळा आहे, त्याला मायक्रोशिया म्हणतात. कानाचं भोक बंद आहे. दुभंगलेले ओठ-टाळू सोडले तर चेहऱ्याच्या जन्मजात व्यंगांमध्ये हेच सगळ्यात जास्त आढळतं. साधारण ३,५०० ते ५,६०० जन्मांमागे एक, असा अंदाज सांगतात. तरीही बहुतेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलेलं असतं ते माझ्याच तोंडून.

जबडा आणि कान दोन्ही एकदम कसे काय, असंही लोक विचारतात. गर्भ काही आठवड्यांचा असतो तेव्हा त्याच्या गळ्यापाशी कमानीसारख्या घड्या तयार होतात. त्यातल्या पहिल्या दोन घड्यांतून जबडा, कान, चावण्याचे स्नायू आणि चेहरा हलवणारे स्नायू घडतात. तिथेच एका बाजूला वाढ अडली की या सगळ्यांवर कमी-जास्त परिणाम होतो. कुणाचा फक्त कान लहान असतो, कुणाचा जबड्याचा सांधाच नसतो, तर कुणाच्या तोंडाचा कोपरा गालाकडे फाटलेला असतो. हसताना ओठाची एक बाजू न हलणारी मुलंही असतात. बहुतेक घरांत आधी कुणालाच असं काही झालेलं नसतं. आईचा मधुमेह, जुळी गर्भधारणा, काही औषधं यांच्याशी संबंध दिसून आला आहे, पण एखाद्या मुलाकडे बोट दाखवून 'याच्यामुळे झालं' असं सांगता येणं फार क्वचित. त्यामुळे "गरोदरपणात काय केलं होतंस?" हा प्रश्न कुठल्याही आईला विचारू नका. ही घडण सुरू होते तेव्हा अनेकींना दिवस गेलेत हेसुद्धा नीट कळलेलं नसतं.

आता ऑपरेशनचं. बाळ हातात आलं की सगळ्यांची नजर चेहऱ्यावर जाते, डॉक्टरांची मात्र श्वासावर. जबडा लहान असला की जीभ मागे पडते आणि झोपेत श्वास अडू शकतो. दूध ओढता येतंय का, वजन वाढतंय का, झोपेत घोरणं आहे का, हे आधी पाहतात. गंभीर असेल तर जबड्याचं ऑपरेशन तान्हेपणीही करावं लागतं, कधी गळ्यातून श्वासासाठी नळी घालावी लागते. तिथे थांबण्याचा प्रश्नच येत नाही. आमच्यावर ती वेळ आली नाही. मानेच्या मणक्यांचा एक्स-रे, हृदयाची इको, मूत्रपिंडांची सोनोग्राफी झाली, कारण काही मुलांमध्ये तिथेही दोष सापडतात. पुढे कधीही भूल द्यायची झाली तरी भूलतज्ज्ञाला हे सगळं आधी सांगावं लागतं. अशा जबड्यातून श्वासनळीत नळी घालणं अवघड जातं.

मग ऐकणं. भोक बंद असलं तरी आतला कान बहुतेकदा चांगला असतो, आवाज फक्त तिथवर पोचत नाही. म्हणून कपाळाच्या पट्ट्यावर बसवलेलं, हाडातून आवाज पोचवणारं यंत्र तिला लहानपणीच लावलं. एका कानाने ऐकू येतंच की, मग यंत्र कशाला, असं पुष्कळांनी सुचवलं. पण आवाज कुठून आला हे ओळखायला दोन कान लागतात. यंत्र काढलेलं असताना तिला उजवीकडून हाक मारा, ती हमखास डावीकडे वळून बघेल. रस्ता ओलांडताना याचा अर्थ काय होतो ते तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर चेहऱ्याच्या सरळपणाहून ही गोष्ट कितीतरी तातडीची होती.

राहिला जबडा. दातांच्या डॉक्टरांनी एकदा तिला जीभ तपासायची लाकडी पट्टी दातांत आडवी धरायला लावली आणि समोरून फोटो काढला. पट्टी उजवीकडे वर चढलेली होती. खालचा जबडा एका बाजूला आखूड राहिला की वरच्यालाही त्या बाजूला खाली वाढायला जागा मिळत नाही, आणि चावाच तिरपा होतो. म्हणजे नुसती हनुवटी मधोमध आणून भागत नाही.

हाड लांबवण्याची पद्धत आहे. तिला डिस्ट्रॅक्शन म्हणतात. हाडाला चीर देतात, काही दिवस थांबतात आणि मग बसवलेल्या यंत्राचा स्क्रू फिरवून दोन्ही टोकं रोज साधारण १ मिलिमीटर लांब करत नेतात. मधल्या जागेत नवं हाड तयार होतं. ते पक्कं व्हायला पुढे कित्येक आठवडे जातात. पायाच्या हाडांसाठी रशियातले सर्जन इलिझारोव्ह यांनी रुजवलेलं हे तत्त्व अमेरिकेतले सर्जन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या जबड्यावर वापरलं आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध केलं. सांधाच नसेल तर बरगडीचं हाड आणि त्याच्या टोकाची कूर्चा, म्हणजे लवचिक मऊ हाड, लावून तो घडवतात.

मग अडचण कुठे आहे? डावी बाजू तिच्या गतीने वाढतच राहते, उजवी मागेच राहते. सहाव्या-सातव्या वर्षी मधोमध आणलेली हनुवटी पुढच्या वर्षांत पुन्हा सरकू लागते. बरगडीचा तुकडा कधी वाढतच नाही, तर कधी गरजेपेक्षा जास्त वाढतो. यावर डॉक्टरांतही मतभेद आहेत. चावा सुधारावा आणि शाळेत मुलाला सोपं जावं म्हणून काही जण लवकर करतात, आणि एखाद्या मुलासाठी ते योग्यही असेल. आमच्या लेकीचा जबडा मध्यम प्रकारातला, श्वास मोकळा, खाणं-बोलणं व्यवस्थित. वाढ पुरी झाल्यावर दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन तिला बहुधा लागणारच आहे. मग मधलं एक कशासाठी? तोवर दातांना वळण देणं चालू आहे. बसका गाल भरायला तिच्याच अंगातली चरबी वापरता येते, तेही नंतर.

कान मात्र त्याआधी होईल. तो बरगडीच्या कूर्चेतून कोरतात आणि त्यासाठी बरगड्या पुरेशा वाढाव्या लागतात. जपानी सर्जन नागाता यांच्या पद्धतीत साधारण १० वर्षं वय आणि छातीचा घेर निदान ६० सेंटिमीटर बघतात. कृत्रिम साच्याचा कान याहून लवकर बसवता येतो, पण आम्ही तिचीच कूर्चा निवडली. आम्ही म्हणजे ती धरून. तिच्या उजव्या बुबुळाच्या कडेला एक पिवळसर गाठ आहे, त्यामुळे नजरेत तिरकसपणा आला आणि चष्मा लागला. एका बाजूला अडकवायला कान नाही, म्हणून डोक्यामागून पट्टा बांधावा लागतो आणि तो सारखा केसांत गुंततो. सर्जननी तिला कसा कान हवा असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "चष्मा राहील असा." तेवढा उठाव ऑपरेशनच्या दुसऱ्या टप्प्यात देता येतो, असं त्यांनी तिला कागदावर चित्र काढून समजावलं. पुढच्या भेटीत छातीचा घेर पुन्हा मोजतील. ऑपरेशनची तारीख त्यावर ठरेल.