स्टँड!

गेल्या मंगळवारी दुपारी त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला उभा होतो. ऊन असं की हेल्मेटच्या आत कढी उकळावी. सिग्नलचा आकडा काही केल्या खाली यायला तयार नाही. पंधराएक दुचाक्या असतील, आणि त्यातल्या निम्म्या पांढऱ्या पट्टीपासून चांगल्या तीस फूट मागे, झाडाखाली. नाशकात उन्हाळ्यात सिग्नलची रांग पट्टीपासून लागत नाही, सावलीपासून लागते.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "स्टँड!"

कुणाला, ते नाही सांगितलं. आणि आम्ही पंधराच्या पंधरा जणांनी एकदम डावा पाय मागे नेऊन चाचपला. शाळेच्या कवायतीत कधी इतके पाय एका वेळी हलले नसतील. माझ्या गाडीला सेन्सर आहे, स्टँड खाली असेल तर ती सुरूच होत नाही. तरी मीही पाय नेला. शेजारच्या रिक्षावाल्यानेसुद्धा खाली वाकून पाहिलं, शपथ. ज्याचा स्टँड होता त्याने टाचेने खटकन वर घेतला, मागे न बघता मान हलवली, आणि सिग्नल सुटला. ओरडणारा कोण होता ते कुणालाच कळलं नाही.

हीच आम्ही माणसं हिरवा दिवा लागायच्या आत हॉर्न मारतो, वळताना हात दाखवत नाही, पार्किंगवरून एकमेकांची सात पिढ्यांची चौकशी करतो. पण कुणाचा स्टँड खाली दिसला की राहवत नाही. मिसळीत रस्सा परत मागताना आवाज चढवणारा माणूस पोटात काहीतरी हलल्यासारखा गाडी दामटत पुढे जातो आणि अनोळखी माणसाला सांगतो, "ओ भाऊ, स्टँड!" सांगितलं की तो मोकळा.

यात एक छोटी परीक्षा असते, नात्याची. एका सेकंदात ठरवायचं असतं की पुढचा आपला कोण. पाठीवरून, केसांवरून, शर्टाच्या कॉलरवरून. दादा, भाऊ, काका, बाबा. पोरगेलेसा असेल तर "ए हिरो". बायकांच्या बाबतीत मी फार वर्षांपूर्वीच ठरवून टाकलंय, सगळ्या ताई. एकदा अशोक स्तंभाजवळ एकीला "काकू, स्टँड" म्हणालो होतो. स्टँड तिने घेतला वर, पण माझ्याकडे जे पाहिलं, त्यापेक्षा ती पडली असती तर बरं, असं क्षणभर वाटून गेलं. (तिला वाटलं असावं. मला नाही.)

माझं हे शिक्षण पेट्रोलच्या टाकीवर झालं. आम्ही सिडकोत राहायचो, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याचं वाढवलेलं. अण्णा अंबडच्या एका कारखान्यात होते. त्यांनी सेकंडहँड हिरो होंडा सीडी हंड्रेड घेतली तेव्हा मी दुसरीत होतो. शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघे मेन रोडला जायचो. आई मागे एका बाजूला पाय सोडून, पदर खोचलेला, मांडीवर पिशवी. मी पुढे टाकीवर. टाकी तापलेली असायची, चड्डीतून चटका बसायचा, पण ती जागा सोडायची नाही. कारण माझ्याकडे काम होतं. समोरून आणि बाजूने जाणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवायची आणि तीन गोष्टी दिसल्या की ओरडायचं: स्टँड, लाइट, पदर.

मुंबई नाक्यापासून शालिमारपर्यंत माझा गळा बसायचा. काही लोक हसायचे, काही जण घाबरून इकडेतिकडे बघायचे, एवढंसं पोर ओरडतंय म्हणजे आपण कुणाला उडवलं की काय. एकाने गाडी थांबवून मला लिमलेटची गोळी दिली होती. अण्णांनी ती घेऊ दिली, पण घरी आल्यावर म्हणाले, "गोळीसाठी ओरडायचं नाही हं." मग पुढच्या दोन शनिवारी मी जरा गप्प होतो, कुणाला सांगताना मनात गोळी येते की काय, याची भीती वाटायची.

स्टँडचं शास्त्र अण्णांनी गाडी अंगणात उभी करून समजावलं होतं. स्टँड डावीकडे. आपण डावीकडून चालवतो, म्हणून डावं वळण आखूड. आखूड वळणात गाडी डावीकडे कलणार. कलली की स्टँडचं टोक रस्त्याला टेकणार, मागचं चाक उचललं जाणार, आणि माणूस खाली. "सरळ रस्त्यावर काही होत नाही रे," ते म्हणायचे, "म्हणूनच त्याला कळत नाही. मागच्याला कळतं."

पदराचं तर त्यांना फारच. आमच्या गाडीला मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला जाळी होती, साडी गार्ड. तो कायदाच आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे: मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकलेला हवा. एवढ्या मोठ्या सरकारने बसून पदराचा विचार केला याचं अण्णांना मनापासून कौतुक. गल्लीतल्या पोरांनी गाडी स्पोर्टी दिसावी म्हणून जाळी काढून टाकली की ते त्यांच्या आयांकडे तक्रार करायचे.

आई म्हणते, या सगळ्याच्या मागे एक गोष्ट आहे. लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, समोरच्या लाइनीतले एक जण पहाटेच्या पाळीला निघाले होते, स्टँड खालीच. अण्णा दारात दात घासत उभे. नळाच्या पाण्यावरून दोन्ही घरांचा अबोला होता. अण्णांनी पाहिलं आणि तोंडातला फेस थुंकायला वळले. कोपऱ्यावरच्या डाव्या वळणाला ते गृहस्थ पडले, खुब्याचं हाड मोडलं, नंतर आयुष्यभर जरासे लंगडत चालायचे. मी अण्णांना एकदा याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "तुझ्या आईला कशातही कथा दिसते," आणि पेपर पुन्हा वर धरला.

असो. लाइटची मजा वेगळीच होती. दिवसा कुणाचा पुढचा दिवा चालू दिसला की हात वर करून पंजा उघडायचा, मिटायचा, उघडायचा. बदकाची चोच बोलावी तसा. समोरच्याला ती भाषा येत असायची. तो लगेच अंगठ्याने बटण दाबायचा आणि तोच हात जरा वर करायचा. दोघे दोन दिशांना निघून जायचे. बॅटरी वाचली, बस. पण त्या जाताजाता उचललेल्या हातात काय ऐट असायची! वाड्यातल्या म्हाताऱ्यांचा रामराम त्यापुढे फिका.

ती भाषा आता मेली. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांना नियम झाला की इंजिन सुरू झालं की दिवा लागलाच पाहिजे. बंद करायचं बटणच नाही. समोरच्याला आपण दिसावं म्हणून, चांगलंच आहे. पण अण्णांना हे पटवायला दोन वर्षं गेली. तोवर ते माझ्या मागे बसून नाशिक शहरातल्या प्रत्येक नव्या गाडीला पंजा दाखवत होते. म्हणजे कॉलेज रोडवरून जाताना सतत, वरातीत नाचल्यासारखा हात. शेवटी एका सिग्नलला एक मुलगा अदबीने म्हणाला, "आजोबा, ही बंद होत नाही. कंपनीनेच तसं दिलंय."

अण्णा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "असू दे. सांगून ठेवलं."

घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "म्हणजे आता कुणालाच सांगायचं नाही?" स्टँडचंही तेच होत चाललंय. नव्या बऱ्याच गाड्या स्टँड खाली असला की चालतच नाहीत. जुन्या गाड्या आहेत तोवर ओरडायला जागा आहे.

ही सवय माझ्यात इतकी मुरलीय की मी सांगून थांबत नाही, समोरच्याने स्टँड खरंच वर घेतला का ते बघतो. बायको याला हट्ट म्हणते. काही वर्षांपूर्वी कॅनडा कॉर्नरला एक पोरगा पुढे गेला, मागे मुलगी, तोंडाला स्कार्फ गच्च बांधलेला, नुसते डोळे. स्टँड खाली. मी हॉर्न दिला, हाताने खाली दाखवलं. त्याने आरशात पाहिलं. मुलगी त्याच्या कानात काहीतरी बोलली आणि त्याने गाडी पळवली. मीही पळवली. तो आणखी जोरात, मी आणखी जोरात. कॉलेज रोड सरळ आहे म्हणून त्याचं निभावलं. भोसला मिलिटरी स्कूलपाशी गर्दीत तो अडकला, मी शेजारी जाऊन थांबलो. तर पोराने हात जोडले. "काका, प्लीज, घरी नका सांगू."

मी छत्तीस वर्षांचा होतो तेव्हा. कुणाचाही काका नव्हतो.

"अरे बाबा, स्टँड."

त्याने खाली पाहिलं. स्कार्फच्या आत ती मुलगी हसत असावी, डोळे बारीक झाले होते. तो थँक्यू वगैरे काही म्हणाला नाही, आणि मला वाटतं ते बरोबरच आहे. थँक्यू म्हणण्याइतका वेळच नसतो यात. पाहुण्याला सोडायला फाटकापर्यंत गेलो की त्याचं मग लक्षात राहतं, पुढे कधीतरी तो आपल्याला सोडायला येतो. इथे हिशेबच नाही. फार तर एखादी मान हलते.

कांद्याच्या ट्रॉलीच्या बाबतीत मात्र मी चुकलो होतो. दिंडोरी रोडला एक ट्रॅक्टर चालला होता, ट्रॉली काठोकाठ भरलेली, प्रत्येक खड्ड्याला चार-दोन कांदे घरंगळत. मी आणि अण्णा मागून. अण्णांचा जीव वरखाली, "अरे, त्याचं नुकसान होतंय, सांग त्याला!" मी ओलांडून पुढे गेलो, ओरडलो, "भाऊ, माल सांडतोय!" ट्रॅक्टरवाला गाण्याचा आवाज कमी करून शांतपणे म्हणाला, "मोकळा कांदा हाये दादा, सांडणारच. भावच असा हाये, काय थांबू?" आणि गाणं परत मोठं केलं. मागे वळून पाहिलं तर रस्त्यावरून दोन बायका पदरात कांदे वेचत येत होत्या. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चला, कुणाची तरी भाजी झाली."

पुढे हेल्मेट आलं. २०२१ च्या पंधरा ऑगस्टपासून नाशकात 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू झालं, तेव्हा पंपावर वेगळाच परोपकार फुलला होता. पेट्रोल भरून झालं की मागचा म्हणायचा, "दादा, पाच मिनिटं द्या ना." मीही दोघांना दिलं. ते बेकायदा होतं हे मान्य, आणि तिसऱ्याच्या डोक्याला तेल होतं म्हणून नाही म्हणालो हेही मान्य. पण हेल्मेट आल्यापासून ओरडणं अवघड झालं. आवाज आतल्या आत घुमतो. काच वर करावी तोवर पुढचा निघून गेलेला असतो. त्यात कानात फोन. अण्णा म्हणतात, आता रस्त्यावर सगळे अंतराळवीर.

मंगळवारचं सांगितलं. शुक्रवारचं सांगायचं राहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी गंगापूर रोडने घरी येत होतो. जेहान सर्कलला थांबलो. माझ्या उजव्या हाताला, थोडी पुढे, एक स्कूटर. चालवणारी एक बाई, मागे तिची बहीण असावी किंवा मैत्रीण. मागचीची ओढणी, पिवळी, एका खांद्यावरून सुटून चाकापाशी लोंबत होती. चाकात आणि तिच्यात वीतभर अंतर. वारा आला की कमी व्हायचं.

माझ्या डोक्यावर हेल्मेट. कानात ऑफिसचा कॉल चालू, सातजण बोलत होते. मी काच वर करायला हात उचलला आणि कानात साहेबांनी विचारलं, "तुमचा आवाज येत नाहीये, ऐकू येतंय ना?"

मी म्हणालो, "हो सर, येतंय."

तेवढ्यात सिग्नल सुटला. त्या उजवीकडे वळल्या, मला सरळ जायचं होतं. मी हॉर्न दिला. सगळेच देत होते. "ताई!" असं ओरडलोही, आणि कानात साहेब म्हणाले, "काय?"

वळून मागे जायला पुढे बरंच जावं लागलं. परत येऊन त्या रस्त्याने दोन-तीन चौक फिरलो. पिवळं काही दिसलं नाही.

शनिवारी सकाळी अण्णांच्या आधी पेपर उचलला. शहराचं पान दोनदा वाचलं, आतली बारीक अक्षरंही. अण्णा चष्मा घेऊन समोर येऊन बसले, वाट बघत. "काय शोधतोयस?"

"काही नाही."

रविवारचाही वाचला.