चवथीनंतर आमचा साउंडबार मुका झाला (माझा अनुभव)

आमच्याकडे चवथीला गणपती बसतो तो हॉलच्या त्याच कोपऱ्यात जिथे वर्षभर टीव्ही असतो, त्यामुळे माटोळी (गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या टांगलेली लाकडी चौकट) बांधायच्या आदल्या दिवशी टीव्ही, साउंडबार (टीव्हीसाठीचा लांबट स्पीकर), स्ट्रीमिंगची स्टिक (टीव्हीला मागे लावून ओटीटी बघायची ती) सगळ्यांची उचलबांगडी आतल्या खोलीत. गणपती पाच दिवसांचा. विसर्जन झालं, दुसऱ्या दिवशी माटोळीच्या खाली सांडलेलं सगळं झाडून काढलं आणि आठवीतल्या चिरंजीवांनी 'मी लावतो गं सगळं' म्हणून टीव्ही जागेवर लावला. चित्र आलं. आवाज पण आला, पण टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरमधून, डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. साउंडबार ढिम्म.

आता आमच्या घरात हा विषय साधा नाही. सासरे संध्याकाळी सात वाजता जुनं गाणं ऐकतात, दररोज, आणि त्यांचा कान असा आहे की मिक्सर फिरताना कुकरची शिट्टी किती झाली ते सांगतात. आम्ही राहतो फोंड्याजवळ, केसरबाई केरकरांचं केरी आमच्याच तालुक्यात, त्यामुळे बाबांसाठी तो जवळजवळ घरचाच मामला. १९७७ साली व्हॉयेजर यानांवरून जी सोन्याची तबकडी गेली तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे हे ते आल्यागेल्याला सांगतात. त्या संध्याकाळी म्हणाले, अंतराळात पोचली बाई, आमच्या टीव्हीपासून त्या बारपर्यंत दीड फूट पोचत नाही.

नवरा बोटीवर असतो, बोट तेव्हा ब्राझीलच्या बाजूला. व्हिडिओ कॉल लावला तर पहिला प्रश्न, रिस्टार्ट केलंस का. केलं. प्लग काढून दोन मिनिटं थांबलीस का. थांबले. मग त्याचं नेट गेलं आणि मी कस्टमर केअरला फोन केला (कुठल्या ते जाऊ दे). तिथल्या मुलाने शांतपणे सांगितलं, मॅडम, स्टिकला फॅक्टरी रिसेट करा. मी पण शहाणी, केला. नंतर सगळी ॲप परत टाकणं, रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर शोधत पासवर्ड घालणं, त्यातलं एक अक्षर कॅपिटल, पाऊण तास गेला, आणि बार तसाच मुका. हा रिसेट लक्षात ठेवा, तो पुढे परत येतोय.

टीव्ही भिंतीला इतका चिकटलेला की मागे डोकं जात नाही, म्हणून मोबाईल आत घालून टॉर्च लावून फोटो काढला आणि मोठा करून बघितला. एचडीएमआयची तीन भोकं, तिन्ही सारखी, पण दोन नंबरच्या बाजूला एवढ्याशा अक्षरात 'एआरसी' लिहिलेलं. आणि त्या भोकात कोण बसलंय तर स्टिक. साउंडबारची वायर तीन नंबरमध्ये. पोराला वाटलं भोक म्हणजे भोक, कुठेही घातलं तर चालतं. इथेच तर गंमत आहे, एचडीएमआयमधून आवाज साधारणपणे टीव्हीच्या आत येतो, टीव्हीतून बाहेर साउंडबारकडे उलटा जायचा असेल तर त्यासाठी एआरसी लागतं, ते २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आलं, आणि टीव्हीवाले ते बहुतेक एकाच भोकाला देतात. वायर तीच, फक्त भोक ठरलेलं. दोघांची अदलाबदल केली, बारवरचा दिवा पांढरा झाला, आणि न्यूज चॅनेलवाल्याचा आरडाओरडा पहिल्यांदाच गोड वाटला. (इथे आणखी एक, टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (एचडीएमआयच्या वायरीतून टीव्ही आणि बार एकमेकांना हुकूम देतात ती सोय) चालू असावं लागतं, पण ते सीईसी या नावाने शोधू नका, सॅमसंगवर ते एनीनेट प्लस, एलजीवर सिम्पलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. माझं चालूच होतं.)

मी खूश होऊन स्वयंपाकघरात गेले. बाबांनी गाणं लावलं, वाजलं. रात्री पोराने पिक्चर लावला तर काहीच नाही. शुकशुकाट. चित्र पळतंय, माणसं तोंड हलवतायत. बाबा खुर्चीतून म्हणाले, "गायतात गो, पूण उलयनात." म्हणजे गातात पण बोलत नाहीत. मी म्हटलं बाबा, थांबा जरा, वायरच खराब असणार, हलवाहलवीत मोडली असेल. बाबांचं ते वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर माझे दोन दिवस वाचले असते.

दुसऱ्या दिवशी साउंडबारच्या खोक्यातून ती बारीक काळी ऑप्टिकल वायर काढली, जी कधी वापरलीच नव्हती. लावली, तर गाणं पण गेलं. झालं, म्हटलं ही पण गेलेली. काढून टोकाकडे बघते तर टोकावर नखाएवढी पारदर्शक प्लास्टिकची टोपी, इतकी स्वच्छ की दिसतच नाही, नखाने ओढल्यावर टुप्पकन निघाली. टीव्हीला लावलेल्या वायरच्या दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसतो, आवाज त्या उजेडातून जातो. टोपी काढली, परत लावली, गाणं सुरू. पिक्चर? नाही. परत तेच, गायतात पूण उलयनात.

तेव्हा माझी ट्यूबलाईट पेटली. दोन वेगळ्या वायरी, दोन वेगळी भोकं, आणि रोग अगदी सारखा, म्हणजे वायरीचा दोष नाहीच. केबल चालतंय, यूट्यूब चालतंय, बाबांची जुनी रेकॉर्डिंग चालतायत, फक्त ओटीटीवरचे पिक्चर आणि सिरीज मुके. काय वेगळं आहे त्यांच्यात? पिक्चरच्या नावाखाली बारीक चौकोनात 'डॉल्बी' आणि '५.१' (म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर यांच्यासाठीचा आवाज) लिहिलेलं असतं.

मला कळलं ते माझ्या भाषेत सांगते. ओटीटीवाले पिक्चरचा आवाज बहुतेक डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये पाठवतात, ते म्हणजे बांधून दिलेलं पार्सल, पोचल्यावर कोणीतरी सोडायला पाहिजे. पीसीएम म्हणजे ताटात वाढलेलं, बसा आणि जेवा. आमचा बार जुना, तो साधं डॉल्बी डिजिटल सोडतो, प्लस सोडत नाही, आणि ऑप्टिकलमधून तर प्लस जातच नाही. टीव्हीची सेटिंग 'ऑटो', त्यामुळे टीव्ही पार्सल न सोडता तसंच पुढे ढकलत होता. गाणी आणि यूट्यूब साध्या दोन चॅनेलमध्ये, म्हणून ती नीट वाजत होती.

मग प्रश्न असा की चवथीच्या आधी पिक्चर कसे वाजत होते? नवऱ्याला व्हॉइस नोट टाकली. सहा तासांनी उत्तर, मागे इंजिनाची घरघर, "अगं हो, दोन वर्षांपूर्वी मी स्टिकच्या सेटिंगमध्ये काहीतरी पीसीएम केलं होतं, तुला सांगितलं नव्हतं का?" नाही. सांगितलं नव्हतं. आणि ते सेटिंग कोणी उडवलं, तर मी, त्या फॅक्टरी रिसेटने. म्हणजे पहिला दोष पोराचा, दुसरा मी फोनवर ऐकून स्वतः विकत घेतलेला, आणि दोन्ही एकमेकांत मिसळल्यामुळे मला वाटत राहिलं की एकच रोग बरा होत नाहीये.

ऑप्टिकल काढून टाकली, परत एचडीएमआय. स्टिकच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले आणि साउंड, त्यात सराउंड साउंड, तिथे 'बेस्ट अव्हेलेबल' होतं ते काढून 'पीसीएम' केलं. पिक्चरमधला माणूस वाक्याच्या मध्येच बोलायला लागला, पोर दचकलं. कोणी म्हणेल पीसीएम केल्याने सराउंड जातं, जातं खरं, पण आमचा बार डावं उजवं आणि एक वूफर एवढाच, त्याला पाच चॅनेल देऊन करायचं काय. ज्यांच्याकडे खरोखर मागे स्पीकर आहेत त्यांनी हे करू नये, त्यांनी आपला बार प्लस घेतो का बघावं, आणि टीव्ही आणि बार दोन्हीवर ईएआरसी (एआरसीचीच नवी, सुधारलेली आवृत्ती) असेल तर हा सगळा घोळ बराच कमी होतो.

वाटलं संपलं. बाबा म्हणाले, तबल्यावर थाप आधी पडते आणि हात मागून येतो. मला काहीच दिसत नव्हतं, पोराला पण नाही. पण बाबा हटेनात, म्हणून मोबाईलवर पोराचा टाळी वाजवतानाचा व्हिडिओ काढला, तो टीव्हीवर लावला आणि नीट बघितलं तर खरंच, आवाज आधी, हात मागून. टीव्ही चित्र गुळगुळीत करायला थोडा वेळ घेतो, तेवढ्यात आवाज पुढे निघून जातो. आवाज उशिरा आला तर माणूस खपवून घेतो, वीज आधी चमकते आणि गडगडाट मागून येतो याची आपल्याला सवय असते, पण आवाज आधी आला की खटकतं, निदान बाबांना तरी. बारच्या रिमोटवर ऑडिओ डिलेचं बटण आहे, दहादहा मिलिसेकंदांनी वाढवत गेले. साठला बाबा म्हणाले अजून. ऐंशीला मान डोलली.

शेवटी घरात टिकल्यांचं पाकीट होतं त्यातली एक लाल टिकली एआरसीच्या भोकाशेजारी चिकटवली, एक साउंडबारच्या वायरीच्या टोकाला. स्टिकला आणि तिच्या भोकाला हिरवी. स्टिकच्या सगळ्या सेटिंगचे फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले, त्यावर नवऱ्याने अंगठा दाखवला. पोराला सांगून ठेवलंय, पुढच्या चवथीला लालला लाल.