दमडीचा सांबार

आज सकाळी गोकुळपेठच्या बाजारात सांबार घेत होतो. (पुणेकरांनो, कोथिंबीर.) तीस रुपये जुडी ऐकून मी सवयीनं पंचवीसला मागितली. ओल्या गोणपाटावर पाणी शिंपडता शिंपडता मावशी म्हणाल्या, "भाऊ, यात मले दमडी नाही सुटून राहिली!" मुकाट्यानं तीस रुपये फोनवरून दिले. वर दोन हिरव्या मिरच्या मिळाल्या.

घरी सांबार निवडताना दमडी काही डोक्यातून जाईना. ही 'दाम'चीच लेक. दाम आला संस्कृतातल्या 'द्रम्म'वरून, आणि द्रम्म थेट ग्रीकांच्या द्राख्मा नाण्यावरून! म्हणजे आज बाजारात घासाघीस चालली होती ती ग्रीक नाण्यात, आणि दोघांनाही पत्ता नाही. अकबराच्या काळी रुपयाचे ४० दाम होत. पुढे नाणं गेलं, पण 'दामदुप्पट' राहिलं, 'छदाम' राहिला. कवडी मात्र वेगळ्या खानदानातली. ती 'कपर्दिका', समुद्रातून आलेली, आणि खरंच चलन म्हणून चालायची.

आईला म्हटलं, तू दमडी पाहिलीस का? "मी काय अकबराच्या वेळची आहे का?" आणे मात्र तिनं वापरलेत. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले, पण बाईंचं अजूनही सगळं 'सोळा आणे खरं' असतं.

या भानगडीत सांबारवडीत मीठ दोनदा पडलं.