पत्र्यात लपणारं हँडल आणि विजेवर उघडणारं दार

दाराच्या पत्र्याशी सपाट बसणारं आणि चावी जवळ आली की आपोआप बाहेर येणारं हँडल आता स्पोर्ट्स कारमध्ये नेहमीचं झालं आहे. जग्वारच्या एफ-टाइपमध्ये ते २०१३ पासून होतं. पोर्श ९११ च्या ९९२ पिढीने २०१९ मध्ये ते घेतलं. या हँडलांच्या तक्रारी वाचताना दोन वेगळ्या यंत्रणांची सरमिसळ मात्र सतत दिसते. हँडल आत-बाहेर सरकवणारी मोटर ही एक. दाराचा लॅच, म्हणजे दार बंद धरून ठेवणारा खटका, विजेने सोडवणारी दुसरी. पहिली बिघडली तर मनस्ताप आणि खर्च. दुसरी बिघडली तर माणूस आत अडकू शकतो. कुठल्या गाडीत यातली एक असते, कुठल्या गाडीत दोन्ही.

आणि हँडल सपाट आहे म्हणजे ते विजेवरच चालतं असंही नाही. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलचं हँडल सपाटच होतं: एक टोक दाबायचं, दुसरं बाहेर येतं, ते धरून ओढायचं. निसान जीटी-आर (आर३५) आणि ॲस्टन मार्टिन डीबी९ मध्येही हेच तत्त्व आहे. तिथे बिघडण्यासारखं काय, तर एक स्प्रिंग आणि एक खीळ. उलट कॉर्व्हेट सी६ (२००५) मध्ये हँडल हलतच नाही. दाराच्या मागच्या कडेला खाचेत एक पॅड असतो, तो दाबला की लॅचला विजेचा इशारा जातो. टेस्ला मॉडेल ३ चं हँडल अंगठ्याने दाबून बाहेर काढावं लागतं, त्याला मोटर नाही, पण लॅच मात्र पूर्ण विजेवर. म्हणून आपल्या गाडीत नेमकं काय विजेवर चालतं, हे आधी मालकाच्या पुस्तिकेतून पाहून घ्यावं.

मोटरच्या हँडलाचे आजार समजून घ्यायला टेस्ला मॉडेल एसच्या २०१२ नंतरच्या सुरुवातीच्या गाड्या सगळ्यात उपयोगी, कारण त्या इतक्या दुरुस्त झाल्या आहेत की बिघाडांचा नमुना पक्का माहीत झाला आहे. आत एक लहान डीसी मोटर, तिच्यापुढे गिअर, आणि त्या गिअरवर एक पाकळी जी हँडलला बाहेर ढकलते. हँडल धरून ओढलं की आतला मायक्रोस्विच दाबला जातो आणि लॅचला ‘उघड’ असा संदेश मिळतो. यात दोन जागा कच्च्या निघाल्या. एक, पाकळीचा गिअर: ओतीव धातूचा, वारंवार झटका बसून त्याला तडा जातो. मग मोटरचा आवाज येतो पण हँडल जागचं हलत नाही. दुसरी, मायक्रोस्विचच्या बारीक तारा: हँडलबरोबर त्या प्रत्येक वेळी वाकतात आणि शेवटी तुटतात. मग हँडल झोकात बाहेर येतं, पण ओढलं तरी दार उघडत नाही. पुढच्या आवृत्त्यांत कंपनीने रचना बदलली, आणि जुन्या हँडलांसाठी पोलादी पाकळी-गिअर बाहेर सुटे मिळू लागले. गिअर तुटला म्हणून अख्खं हँडल बदलणं हा पैशाचा अपव्यय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) काढून हँडल बाहेर घेतलंच आहे, तर गिअर आणि तारा दोन्ही त्याच वेळी नव्या घालाव्यात.

बाकी कंपन्यांच्या मोटरच्या हँडलांतही कारणं याच कुळातली असतात: हँडलाभोवतीच्या फटीतून शिरलेलं पाणी, तळाशी असलेलं निचऱ्याचं छिद्र धुळीने बुजणं, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज, आणि हँडल नेमकं कुठे आहे हे सांगणारा सेन्सर खोटं बोलू लागणं. पाणी शिरल्यावर दार उघडत नाही एवढंच होतं असं समजू नये. २०२४ मध्ये फोक्सवॅगनने अमेरिकेत सुमारे ९८ हजार आयडी.४ परत बोलावल्या, कारण हँडलमधल्या सर्किट बोर्डपर्यंत पाणी जाऊन दार चालत्या गाडीत उघडू शकत होतं. ती गाडी स्पोर्ट्स कार नाही, पण बोर्ड आणि पाणी यांचं नातं सगळीकडे तेच.

आता लॅच. विजेच्या लॅचमध्ये बाहेरचं हँडल आणि लॅच यांना जोडणारी केबल नसते. मोटर खटका मागे ओढते आणि दार सुटतं. ही मोटर सुरू होताना क्षणभर बराच करंट ओढते. बॅटरी अर्धमेली असेल तर आतला दिवा लागतो, स्क्रीनही कदाचित उजळते, पण लॅच ओढण्याइतकं बळ तारेत नसतं. गाडी जिवंत वाटते आणि दार मात्र उघडत नाही. अमेरिकेच्या एनएचटीएसए या वाहन सुरक्षा संस्थेने सप्टेंबर २०२५ मध्ये २०२१ च्या सुमारे १ लाख ७४ हजार टेस्ला मॉडेल वाय गाड्यांची चौकशी सुरू केली ती याच कारणाने: लॅचला पुरेसं व्होल्टेज मिळत नव्हतं, आणि काही पालकांना आतल्या मुलांना काढण्यासाठी काच फोडावी लागली. त्याच वर्षी फोर्डने सुमारे १ लाख ९७ हजार मस्टँग मॅक-ई परत बोलावल्या. तिथेही १२ व्होल्टची बॅटरी उतरल्यावर चालक बाहेर आणि मागे बसलेले आत, अशी अवस्था होऊ शकत होती.

सगळ्यात वाईट उदाहरण कॉर्व्हेटचं आहे. जून २०१५ मध्ये टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर इथे ७२ वर्षांचे एक गृहस्थ आणि त्यांचा कुत्रा २००७ च्या कॉर्व्हेटमध्ये अडकून उष्णतेने दगावले. बॅटरीची केबल सैल झाल्याने कुलूप आणि हॉर्न दोन्ही बंद पडले होते. त्या गाडीत हाताने ओढायची कडी होती: चालकाच्या सीटशेजारी, दाराच्या बाजूला, जमिनीलगत. ती तिथे आहे हे माहीत नसलं तर घाबरलेल्या माणसाला ती सापडत नाही. यासाठी मी गाडीच्या मालकाला दोष देणार नाही. जी कडी जीव वाचवण्यासाठी आहे ती नेहमीच्या हँडलातच असायला हवी: थोडं ओढलं की वीज, पूर्ण ओढलं की केबल. मॉडेल एसच्या जुन्या गाड्यांत पुढच्या दारांना असंच आहे. मागच्या दारांची केबल मात्र सीटखाली गालिच्याआड. मॉडेल ३ मध्ये पुढच्या दारांची हाताने ओढायची पट्टी काचेच्या बटणांच्या पुढ्यात आहे.

स्पोर्ट्स कारला हा प्रश्न जास्त का भेडसावतो, तर ती दिवसेंदिवस न वापरता उभी राहते. गाडी पूर्ण झोपल्यावर (बंद केल्यावर तिची इलेक्ट्रॉनिक्स शांत झाली की) ५० मिलिॲम्पिअरपर्यंतचा करंट जाणं सर्वसाधारण धरतात. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासांची निरोगी बॅटरी २५ दिवसांत निम्मी रिकामी. चावी गाडीजवळच टांगलेली असेल तर गाडी वरचेवर जागी होते आणि हिशेब आणखी बिघडतो. हलक्या लिथियम बॅटरीत वेगळी खोड आहे: व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेलं की तिचं संरक्षक सर्किट बॅटरीच तोडून टाकतं. काल सगळं ठीक, आज गाडीत काहीच नाही. उपाय सोपा आहे, त्या प्रकारच्या बॅटरीला चालणारा मेंटेनर चार्जर (बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा) कायम लावून ठेवायचा. एजीएम या शिशाच्या बॅटरीचा चार्जर डिसल्फेशन मोडमध्ये (शिशाच्या पट्ट्यांवरचा थर काढणाऱ्या) लिथियमला लावू नये.

बिनचौकटीच्या काचेची एक गुंतागुंत फार थोड्यांच्या लक्षात येते. कूपे आणि रोडस्टरमध्ये दार उघडण्याआधी काच सुमारे सेंटीमीटरभर खाली येते, तेव्हाच ती वरच्या रबरी बीडिंगमधून सुटते. बॅटरी मेली की काच खाली येत नाही. अशा वेळी हाताच्या कडीने दार उघडलं तर काच बीडिंगला घासत बाहेर येते. जीव धोक्यात असेल तर याचा विचार करू नये. पण घरच्या पार्किंगमध्ये सराव करायचा असेल तर आधी काच बटणाने थोडी खाली घ्यावी, मग कडी ओढावी.

बाहेरून आत जाण्याचा मार्गही आधीच शोधावा. कॉर्व्हेट सी६ मध्ये कुलपाचं छिद्र मागे, नंबर प्लेटच्या वर आहे. चावीने मागची काच उघडायची आणि आतली पट्टी ओढून चालकाचं दार सोडवायचं. मॉडेल ३ ला बाहेरून चावीचं छिद्रच नाही. पुढच्या बंपरवरचं टो-हुकचं (गाडी ओढून नेण्याच्या हुकचं) झाकण काढलं की दोन तारा मिळतात, त्यांना बाहेरून १२ व्होल्ट दिले की पुढची डिकी उघडते आणि मग बॅटरीला जंप देता येतो. काही गाड्यांत चावीचं पातं रिमोटमध्ये आणि छिद्र हँडलजवळच्या टोपीमागे असतं. जंपर पॅक (जंप देण्याची छोटी बॅटरी) डिकीत ठेवण्याची सवय अशा गाड्यांत धोक्याची, कारण डिकीही विजेवरच उघडते.

एखादं दार त्रास देऊ लागलं तर डोअर पॅड उचकटण्याआधी पुढचा क्रम पाळावा. गाडी काही तास झोपल्यावर मल्टिमीटरने बॅटरी मोजा. एजीएमला १२.७ व्होल्टच्या आसपास हवं, १२.२ च्या खाली असेल तर हँडलला हातही लावू नका. सगळी दारं गप्प असतील तर रिमोटचा सेल किंवा पुरवठा. एकच गप्प असेल तर त्याच दारात बघा. मोटर गुरगुरते पण हँडल येत नाही: गिअर. आवाजच नाही: फ्यूज, तार किंवा मोटर. हँडल येतं, दार आतून उघडतं, बाहेरून नाही: हँडलचा स्विच, लॅच ठीक आहे. दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला उघडतं: स्विच झिजत चालला आहे, तो पूर्ण जायची वाट बघू नये. आणि दार अर्धं उघडं असताना सगळं चालतं पण बंद केल्यावर नाही, तर बिजागरीजवळच्या रबरी नळीतली हार्नेसची (तारांच्या जुडग्याची) तार आतून तुटलेली असण्याचा संशय घ्या. इथेच हँडल आणि लॅच उगाच बदलले जातात.

देखभालीबद्दल आपल्या हवेपुरतं. कोकण-गोव्याची खारी हवा आणि देशावरची बारीक धूळ, दोन्ही या फटींना वाईट. फटीत ग्रीस किंवा डब्ल्यूडी-४० मारलं की त्यावर धूळ बसून लगदा होतो. रबराला सिलिकॉन स्प्रे, सरकणाऱ्या भागाला कोरडं पीटीएफई (टेफ्लॉन) वंगण. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा नोझल हँडलच्या फटीवर धरू देऊ नये, किमान फूटभर लांब. धुताना चावी घरात ठेवावी, नाहीतर पाण्याच्या स्पर्शाने सेन्सर फसतो आणि हँडल उघडून फटी पाण्यापुढे मोकळ्या होतात. टोरांटो किंवा शिकागोच्या थंडीत फटीत बर्फ गोठला तर हँडल उचकटू नये, कडेने मुठीने हलके ठोके देऊन बर्फ तोडावा. उकळतं पाणी ओतणं म्हणजे तेच पाणी आत जाऊन पुन्हा गोठणार.

चीनने यात सगळ्यात ठाम पाऊल उचललं आहे. १ जानेवारी २०२७ पासून तिथल्या नव्या मॉडेलांच्या प्रत्येक प्रवासी दाराला आतून आणि बाहेरून हाताने उघडणारी यांत्रिक सोय सक्तीची होते आहे, आणि आधीच मंजूर झालेल्या मॉडेलांना २०२९ च्या सुरुवातीपर्यंत मुदत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये चेंगदूला शाओमी एसयू७ अल्ट्रा पेटली आणि मदतीला धावलेल्या लोकांना तिची दारं उघडता आली नाहीत, त्यानंतर या विषयावर तिथे कोणी गप्प बसलं नाही. सपाट हँडलाने वाऱ्याचा विरोध कमी होतो हे खरं, पण आरसे आणि चाकांच्या मानाने तो फायदा अगदी किरकोळ आहे, आणि ३०० एसएलसारख्या यांत्रिक हँडलानेही तो मिळतो.

जुनी गाडी विकत घेताना प्रत्येक हँडल दहा-दहा वेळा चालवून बघावं, बिनचौकटीच्या काचा दार उघडताना खाली येतात का ते पाहावं, डोअर पॅडच्या खालच्या कडेला ओलाव्याचे डाग शोधावेत, आणि विकणाऱ्याला आतली यांत्रिक कडी ओढून दाखवायला सांगावं. वर्षानुवर्षं न ओढलेली केबल अडकते, तशी अडकलेली निघाली तर तिचा खर्च भावातून वजा करून घ्यावा.