खाऱ्या हवेत कुत्र्याचा पट्टा घेताना

कुत्र्यासाठी पट्टा-दोरी मागितली की दुकानात आधी रंग दाखवतात, मग कापड. किनाऱ्यावर राहणाऱ्याने आधी बघायचे ते हुक आणि कडी. दापोली असो की वेंगुर्ला, खाऱ्या दमट हवेत नायलॉनची पट्टी टिकते, पण मुलामा दिलेला लोखंडी हुक एका पावसाळ्यात लाल होतो.

खरेदीला जाताना खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर वरची चकाकी काहीही असो, आत बहुधा लोखंडच. चिकटलं नाही म्हणून लगेच पितळ समजू नका. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव हुकही चिकटत नाहीत, आणि ते जोराच्या झटक्याला वाकायच्या आधीच मोडतात. हातात तोलून बघा, त्याच मापाचं पितळ जड लागतं. शंका असेल तर घरी कडेला कानस फिरवा: आत पिवळं निघालं तर पितळ, राखाडी निघालं तर हुक बदला. होड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात ३१६ जातीच्या, म्हणजे खाऱ्या हवेतही सहसा न गंजणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा हुक मिळाला तर उत्तमच. तिथली स्वस्त प्लॅस्टिकची दोरी मात्र घेऊ नका. कुत्रा धावला की तळहात सोलून निघतो.

हुकाचा खटका वाळूने अडकतो. अर्धवट उघडा राहिलेला खटका वरून बंदच दिसतो, आणि कुत्रा नेमका तिथून सुटतो. म्हणून पुळणीवरून आल्यावर हुक गोड्या पाण्यात बुडवून खटका आठ-दहा वेळा मागेपुढे करा आणि सावलीत वाळवा. तेल घातलंच तर एक थेंब, आणि वरचं पुसून टाका, नाहीतर त्यालाच वाळू चिकटते.

गळ्याचा पट्टा वीस-पंचवीस किलोच्या गावठी कुत्र्याला अडीच सेंटीमीटर रुंद पुरतो. आत दोन बोटं आडवी जायला हवीत. पिल्लाचं माप दर आठवड्याला तपासा, आणि त्याला हलका हुक लावा. जड हुक हनुवटीवर आपटत राहिला की ते पट्टा दिसताच पळतं. चामडं इकडे आषाढात बुरशी धरतं. सारखं पुसायची तयारी असेल तरच घ्या.

रोजच्या चालण्याला पावणेदोन-दोन मीटरची साधी दोरी बरी. बटण दाबून गुंडाळणारी नको. तिच्यावर सतत ताण असतो, त्यामुळे ओढलं की पुढे जाता येतं हेच कुत्रा शिकतो. शिवाय वाळू आत गेली की स्प्रिंगही बसते.

हाक मारल्यावर परत येणं शिकवायला लांब दोरी लागते. मोकळ्या पुळणीवर दहा मीटर चालते, आगरात पाच पुरे, नाहीतर माडापोफळींना वेढे बसतात. टोकाला हाताचा फास ठेवू नका, तो मुळांत अडकतो. बायोथेनची (प्लॅस्टिकचा थर दिलेल्या विणीव पट्टीची) दोरी पाणी पीत नाही, म्हणून इथे कापडी दोरीपेक्षा सरस. ही लांब दोरी हार्नेसलाच, म्हणजे छाती-खांद्यांभोवती बसणाऱ्या पट्ट्यालाच लावा, गळ्याला कधीच नाही: धावत्या कुत्र्याचा सगळा झटका मानेवर येतो. हार्नेस छातीपुढे इंग्रजी वाय आकाराचा, खांदे मोकळे ठेवणारा, पुढच्या पायांच्या मागे दोन-तीन बोटं जागा सोडणारा हवा. फार ओढणाऱ्याला छातीवर कडी असलेला घ्या, कुत्र्याने ओढताच तो त्याचं अंग बाजूला वळवतो. घरी आल्यावर काढून टाका. ओली वाळू काखेत घासून जखम होते, आणि पट्ट्याखाली गोचीड लपते.

गळा आवळणारी साखळी आणि खिळ्यांचा पट्टा यांवर पैसे घालवू नका, त्यांनी कुत्रा घाबरतो, शिकत नाही. पडवीतल्या आखूड साखळीबद्दल तर कायदाच आहे: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम ११ नुसार फार आखूड किंवा फार जड साखळीने गैरवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा ठरतो.

बक्षिसाला उकडलेल्या कोंबडीचे नखाएवढे तुकडे पुरतात. सुकट-सोडे कुत्र्याला भारी आवडतात, पण मिठातले देऊ नका. बिनमिठाचे असले तरी दोन-चारच.